ऑइलची पट्टी बदलली आणि लेव्हलच बदलली! आफ्टरमार्केट डिपस्टिक कुणी वापरतंय का?

मंदगती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली. गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, नाव मुद्दाम सांगत नाही नाहीतर धागा "ती गाडी घेतलीच कशाला" इकडं जाईल.

तर झालं असं की माझ्या गाडीची मूळ डिपस्टिक (इंजिनात ऑइल किती आहे ते बघायची पट्टी) म्हणजे एक चपटी चकचकीत पट्टी, खाली दोन बारीक खाचा, मिन म्हणजे कमीत कमी आणि मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त, बस्स. ऑइल नवीन असलं की ते इतकं स्वच्छ असतं की पट्टीवर दिसतच नाही, उन्हात धरा, टॉर्च मारा, चष्मा काढून बघा, चष्मा घालून बघा, एका बाजूनं निम्म्यावर तर दुसऱ्या बाजूनं पार मॅक्सच्या वरपर्यंत माखलेलं. त्यात वरचं प्लॅस्टिकचं हँडल उष्णतेनं इतकं कडक झालं होतं की मागच्या महिन्यात ओढताना त्याचा तुकडाच हातात आला.

मग आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीची नसलेली, बाहेरची पट्टी मागवली. वर ॲल्युमिनियमचं मशीनिंग केलेलं जाडजूड हँडल, त्याखाली ओ-रिंग (रबरी कडी), मधे पीळदार स्टीलची केबल, आणि टोकाला सपाट तुकडा ज्यावर मिन-मॅक्सच्या मधे आडव्यातिडव्या बारीक रेघांची जाळी. ऑइल त्या जाळीत धरून राहतं आणि रेघ अगदी स्पष्ट दिसते. एक नंबर प्रकार आहे, खोटं कशाला बोला.

पण! जुनी पट्टी दाखवत होती मिन-मॅक्सच्या बरोबर मधे. नवी दाखवतेय मिनच्या जेमतेम २ मिमी वर. तेच इंजिन, तीच सकाळ, तीच जागा. मी घाबरून ३०० मिली ऑइल ओतलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला की अरे, खरं कोण बोलतंय हे तर ठरलंच नाही अजून. आता काय करू?

नटबोल्ट

सगळ्यात आधी बाटलीचं झाकण लावा आणि बाटली लांब ठेवा. आता एक थेंबही नको.

दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवा. हँडलच्या वरच्या टोकापासून मोजू नका, त्याला काही अर्थ नाही, हँडल कितीही उंच असू शकतं. पट्टी ज्या नळीतून इंजिनात जाते त्या ट्यूबच्या तोंडावर ती जिथं टेकते ती कॉलर बघा, आणि कॉलर ते मॅक्स, कॉलर ते मिन अशी दोन अंतरं मोजा. सगळी डिपस्टिक म्हणजे तेवढंच असतं, बाकी शोभा.

पिस्टनराव

मंदगती, आधी हे सांगा की चेक कसं करता? कारण निम्म्या लोकांची पट्टी बरोबर असते आणि हात चुकतो.

गाडी सपाट जागेवर. इंजिन बंद करून किमान १० मिनिटं, वर हेडमध्ये गेलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथं) यायला वेळ लागतो. पहिल्यांदा बाहेर काढलेली पट्टी बघायचीच नाही, ती पुसायची. फडक्याचे धागे सुटत नाहीत असं फडकं घ्या. मग सरळ, न फिरवता, पूर्ण आत, आणि सरळ बाहेर. बाहेर काढल्यावर टोक खाली ठेवायचं, लोक काय करतात की तलवारीसारखी वर धरतात आणि ऑइल ओघळून मॅक्सपर्यंत जातं आणि वर सांगतात फुल्ल आहे. दोन बाजूंना वेगवेगळं दिसलं तर कमी दाखवणारी बाजू खरी, कारण दुसरी बाजू ट्यूबच्या भिंतीला घासून माखलेली असते. अगदीच दिसत नसेल तर पट्टी कागदावर आडवी टेकवा, ओला डाग कुठपर्यंत उमटतो ते बघा. एवढं करून न दिसणारी पट्टी मी तरी पाहिली नाही. फॅन्सी पट्ट्यांची गरज हात साफ नसलेल्यांना.

फटफटी

पिस्टनराव फॉर्मात =)) मी इकडं बसून वाचतोय.

मंदगती

@पिस्टनराव, काका, पद्धत हीच आहे, फक्त कागदाची युक्ती माहीत नव्हती, ती आवडली. तलवारीचं मात्र कबूल करतो, कधीकधी होतं.

@नटबोल्ट, मोजलं. जुनी: कॉलर ते मॅक्स ४१२ मिमी, मिन त्याच्या खाली २२ मिमी. नवी: कॉलर ते मॅक्स ४०९, मिन खाली २२. म्हणजे नवी ३ मिमी आखूड आहे. पण दोघींच्या रीडिंगमधे फरक तब्बल ९ मिमी येतोय, जुनीवर लेव्हल मॅक्सच्या ११ मिमी खाली होती आणि नवीवर २० मिमी खाली. उरलेले ६ मिमी कुठं गेले?

अर्धवट_इंजिनियर

गंमत आहे ही. पट्टी आखूड असली की तिची मॅक्सची खूण इंजिनात वर राहते आणि ऑइल कमी दिसतं, इथपर्यंत बरोबर. उरलेल्या ६ मिमीचं कारण म्हणजे पट्टी पूर्ण बसतच नाहीये. ती ओ-रिंग जाड असणार. तुम्हाला वाटतं टेकली, पण टेकलीय ओ-रिंग, कॉलर नाही. ट्यूबच्या तोंडाला बोटभर ग्रीस लावा, पट्टी दाबून घाला, बाहेर काढून बघा कॉलरला ग्रीस लागलंय का.

थोडा हातभार केबलचाही असेल. पोलादी पट्टी एकदा ट्यूबच्या वळणात बसली की दर वेळी तशीच बसते, तिला मधे मुद्दाम बाक दिलेला असतो. केबल मात्र आत ढकलताना वळणाच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून जाते, तो रस्ता किंचित लांबचा, म्हणून टोक एखाद-दोन मिमी कमी पोचतं.

आता हिशोब. तुमच्या मॅन्युअलमधे मिन ते मॅक्स किती लिटर लिहिलंय? बऱ्याच गाड्यांना साधारण १ लिटर असतो, तो धरला तर २२ मिमीत १००० मिली, म्हणजे मिलिमीटरला ४५ मिली. तुम्ही ३०० ओतलं, म्हणजे लेव्हल साडेसहा मिमी चढली. जुन्या पट्टीवर ती आता मॅक्सच्या साडेचार मिमी खाली असली पाहिजे. असेल तर काही झालेलं नाही, गाडी चालवा. पण नव्या पट्टीवर विश्वासून तिच्या मॅक्सपर्यंत भरलं असतंत तर खरी लेव्हल मॅक्सच्या ९ मिमी वर, म्हणजे ४०० मिली जास्त.

स्पॅनरताई

बाळबोध प्रश्न, पण जास्त झालं तर काय होतं नेमकं? कमी झालं तर इंजिन जाम होतं हे कळतं. जास्त ऑइल म्हणजे जास्त वंगण असंच वाटायचं मला.

पिस्टनराव

ताई, प्रश्न बाळबोध नाही, चांगले चांगले फसतात. चेंबरमधे ऑइल ठराविक उंचीवर असतं आणि त्याच्या वर क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) फिरत असतो. लेव्हल चढली की क्रँकचे वेब ऑइलमधे आपटायला लागतात आणि मिनिटाला हजारो फेऱ्यांनी रवी घुसळल्यासारखा त्याचा फेस होतो. पंपाला ऑइलऐवजी फेस मिळतो, फेसात हवा, हवेनं बेअरिंगवर फिल्म धरत नाही. म्हणजे ऑइल जास्त घालून वंगण कमी. शिवाय ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) ऑइल इनटेककडं, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेकडं जातं, धूर, आणि पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट.

थोडंसं, पाव लिटर वगैरे वर गेलं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण लिटरभर जास्त असेल तर गाडी स्टार्ट न करता आधी काढायचं. सक्शन पंपाची नळी डिपस्टिकच्या ट्यूबमधून घातली तर वरूनच निघतं, खालचा बोल्ट खोलावा लागत नाही.

काळंतेल

डिझेलवाल्यांचं दुःख वेगळंच. आमच्यात काही न ओतता लेव्हल वाढते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायला गाडी जे जास्तीचं डिझेल सिलिंडरमधे उशिरा मारते, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमधे मिसळतं. रोज छोट्या छोट्या फेऱ्या आणि मधेच इंजिन बंद केलं की ही सफाई, म्हणजे रीजनरेशन, अर्धवट, परत सुरू, परत डिझेल खाली. माझी पट्टी तीन महिन्यांत मॅक्सच्या वर गेली होती आणि मी खूश की बघा, गाडी ऑइल अजिबात खात नाही! वास घेतल्यावर कळलं. ऑइल बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ.

म्हणून मी म्हणतो स्पष्ट दिसणारी पट्टी हवीच. पिस्टनरावांसारखी नजर सगळ्यांकडं नसते, आणि जी गोष्ट बघायला कटकट वाटते ती माणूस बघत नाही.

पिस्टनराव

@काळंतेल, शेवटच्या वाक्याला +१, मागे घेतो मघाचं.

सायलेन्सर

तुमच्याकडं पट्टी तरी आहे. बीएमडब्ल्यूनं २००० च्या दशकाच्या मध्यापासून कितीतरी इंजिनांची डिपस्टिकच काढून टाकली, स्क्रीनवर बघा म्हणे. चेंबरच्या तळाशी सेन्सर असतो. माझ्या गाडीत (कंपनी वेगळी, रडगाणं तेच) ऑइल बदलल्याबरोबर लेव्हल बघता येत नाही, आधी गाडी गरम करा, मग स्क्रीन म्हणणार थांबा, मोजतोय. ऑइल ओतताना ओके कधी होईल याचा अंदाज बांधत बसायचं.

काही इंजिनांना ट्यूब असते पण वर नुसतं बूच, पट्टी फक्त वर्कशॉपकडं. तिथं आफ्टरमार्केट पट्टी खरंच कामाची आहे, चैन नाही. मर्सिडिजच्या जुन्या ५-स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं असंच आहे, ट्यूब आहे, आत पट्टी नाही. वर्कशॉपची जी पट्टी असते तिच्यावर मिन-मॅक्स काही नसतं, नुसते मिलिमीटर, कारण ती तळाला टेकवून मोजतात आणि तेलाचं तापमान बघून तक्त्यातून ठरवतात किती मिमी हवेत. मला ही कल्पना फार आवडली. पट्टीनं फक्त आकडा सांगावा, पुरेसं की अपुरं ते ठरवायला पट्टी कोण.

नटबोल्ट

वा सायलेन्सर! आणि मंदगतींनी घेतलीय तसली पीळदार केबलची पट्टी मुळात शर्यतीच्या गाड्यांतून आलीय. ड्रॅग रेसिंगमधे इंजिनावर एवढा जोर येतो की क्रँककेसमधला (क्रँक फिरतो त्या पोकळीतला) दाब पट्टीच वर उडवतो, ऑइल गरम एक्झॉस्टवर नाहीतर टायरखाली. म्हणून तिकडं हँडलला खटका असलेल्या लॉकिंग पट्ट्या आणि घट्ट ओ-रिंग. शिवाय इंजिन दुसऱ्या गाडीत बसवलं, चेंबर बदलला, की मूळ पट्टी निरुपयोगी, मग वाकेल तशी जाणारी केबल सोयीची. आपल्या साध्या गाडीत या दोन्हींतलं काहीच नसतं, हँडल तेवढं देखणं.

पण घट्ट ओ-रिंगवरून आठवलं, एक गडबड अजून आहे. ट्यूबचं खालचं टोक ऑइलमधे बुडालेलं असेल आणि वरून ओ-रिंगनं हवाबंद, तर ट्यूबमधली हवा अडकते आणि ट्यूबमधली लेव्हल चेंबरमधल्यापेक्षा वेगळी राहू शकते. पट्टी काढून पुसा, दोन मिनिटं ट्यूब उघडी ठेवा, मगच परत घाला.

स्पॅनरताई

मग ओ-रिंग काढूनच टाकली तर? एवढी भानगड कशाला.

सायलेन्सर

नको नको. माझ्या आधीच्या गाडीत मूळ पट्टीची ओ-रिंग गेली होती, चेक इंजिन लाइट, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. इंजेक्टर साफ, सेन्सर साफ, आठवडाभर डोकं फोडलं. शेवटी कळलं की क्रँककेसचा ब्रीदर इनटेकला जोडलेला असल्यामुळे पट्टीच्या भोकातून आत शिरलेली हवा एअरफ्लो सेन्सरला चुकवून थेट इनटेकमधे जात होती. दहा पैशांएवढी रबरी रिंग, पण सगळ्या मोजमापाचा खेळखंडोबा.

फटफटी

बाईकवाल्यांचा मुद्दा राहिला. आमच्याकडं पट्टी म्हणजे ऑइल भरायच्या आट्यांच्या झाकणालाच चिकटलेली दांडी. काही बाईकमधे ती नुसती टेकवून बघायची, आटे फिरवायचे नाहीत, काहींमधे पूर्ण आवळून बघायची. आटेच सेंटीमीटरभर असतात, त्यात एकूण ऑइल १ लिटर, चुकीच्या पद्धतीनं बघितलं तर सगळं गणित उलटं. गाडी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर बघणारे माझे मित्र आहेत, त्यांना सांगून सांगून दमलो. मॅन्युअलचं ते एक पान फोटो काढून मोबाइलमधे ठेवा.

स्पॅनरताई

मी पट्टी विकत न घेता जुन्याच पट्टीला जाळी करून घेऊ शकते का घरी? मिन-मॅक्सच्या मधल्या भागावर?

पिस्टनराव

करा की ताई, मी दोन गाड्यांना केलंय. १२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, पट्टी फळीवर धरा, आधी एका तिरप्या दिशेनं, मग दुसऱ्या. चकाकी गेली पाहिजे बस्स, कानशीनं खोल खाचा मारू नका, तिथून पट्टी तुटेल एखाद दिवशी. झाल्यावर डिझेलनं धुवून स्वच्छ पुसा, एकही कण आत जायला नको. आणि कुणी सांगेल पांढरा रंग मारा, टेप लावा, ट्यूबिंग चढवा, अजिबात नको, गरम ऑइलमधे ते सुटतं आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं.

टोकाला प्लॅस्टिक असलेल्या पट्ट्या पण मला पटत नाहीत. दिसतं छान, रंगीत असतं, पण जुनं झालं की टोक आतच मोडून राहतं आणि चेंबर खोलल्याशिवाय निघत नाही.

अर्धवट_इंजिनियर

गरम की थंड हा वाद कुणी काढला नाही अजून, मीच काढतो. ऑइल तापलं की फुगतं, अंशाला साधारण ०.०७ टक्के. ४ लिटर ऑइल २० अंशांवरून ९० वर नेलं तर ७० अंश, म्हणजे जवळपास ५ टक्के, २०० मिली. मंदगतींच्या पट्टीवर चार-साडेचार मिमी.

पिस्टनराव

पण गाडी रात्रभर उभी असली की वरचं सगळं ऑइल खाली येतं, गरम असताना थोडं वर अडकलेलं असतं. तेवढं वजा करा की. मी कायम सकाळी थंड बघतो.

अर्धवट_इंजिनियर

वजा होतं, पण पूर्ण नाही, आणि किती ते इंजिनागणिक वेगळं. म्हणून मॅन्युअलमधे जे लिहिलंय तेच. काही गाड्या थंड सांगतात, काही गरम करून ५ मिनिटांनी, जुन्या एअरकूल्ड पोर्शे ९११ ला तर ड्राय संप (ऑइल इंजिनाखाली नाही, वेगळ्या टाकीत) असल्यामुळे इंजिन गरम आणि आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू असतानाच पट्टी बघायची, बंद केल्यावर बघितलं तर काहीतरीच दिसतं.

मंदगती

अपडेट. ग्रीसची चाचणी केली. कॉलर कोरडी ठणठणीत! ५ मिमी वर राहत होती. एक तो केबलचा. अर्धवट साहेब, नाव बदला राव.

जुन्या पट्टीवर आता लेव्हल मॅक्सच्या ४ मिमी खाली, म्हणजे तुमच्या हिशोबाच्या जवळपास. जीव भांड्यात पडला. पातळ ओ-रिंग मिळाली, ती घातल्यावर कॉलर टेकतेय, फरक ४ मिमीवर आला. आता नव्या पट्टीवर ४ मिमी खाली नवीन खुणा कोरणार.

काळंतेल

थांबा थांबा. तुम्ही सगळे जुनी पट्टी खरी धरून चाललाय. गाडी नवीन घेतलीत की सेकंडहँड? आधीच्या मालकानं कुठलीतरी बसेल ती पट्टी घातली असेल तर?

मंदगती

सेकंडहँड :(

नटबोल्ट

हाहा, काळंतेल यांनी पायाच उखडला. पण मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. आता एकच इलाज, ऑइल बदलायच्या वेळी कॅलिब्रेट करा. मॅन्युअलमधे फिल्टरसकट किती लिटर लिहिलंय बघा. समजा ४.२ असेल आणि मिन-मॅक्समधे १ लिटर, तर आधी फक्त ३.२ भरा. इंजिन दोन मिनिटं आयडलवर, म्हणजे फिल्टर भरेल. बंद, १० मिनिटं थांबा, बघा, तिथं मिनची खूण. मग मोजून १ लिटर घाला, परत तेच, तिथं मॅक्स. मिनवर इंजिन आयडलला चालणं सुरक्षितच आहे, रेस मात्र करू नका. आणि जुनं ऑइल नीट निथळू द्या, घाई केली तर पाव लिटर आतच राहतं आणि सगळ्या खुणा चुकतात.

स्पॅनरताई

आणि तो लाल दिवा? ऑइल कमी झालं की लागतोच ना, मग एवढं कशाला मोजायचं?

काळंतेल

ताई, लाल ऑइलच्या किटलीचा दिवा लेव्हलचा नाही, प्रेशरचा. तो चालत्या गाडीत लागला तेव्हा पंपाला ऑइल मिळणंच बंद झालेलं असतं, लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. लेव्हलचा असेल तर बहुतेक पिवळा असतो, आणि सगळ्या गाड्यांना नसतो.

मंदगती

पाच आठवड्यांनी परत आलोय, काल ऑइल बदललं. मॅन्युअलप्रमाणे फिल्टरसकट ४.२ च निघालं, नटबोल्ट यांचा अंदाज की तुम्ही माझी गाडी ओळखली होतीत?

रात्रभर निथळू दिलं. ३.२ लिटरवर जुनी पट्टी मिनच्या १ मिमी वर, ४.२ वर मॅक्सच्या १ मिमी खाली. म्हणजे जुनी बाई खरं बोलत होती, आधीच्या मालकाची मनातल्या मनात माफी मागितली. नव्या पट्टीवर दोन्ही लेव्हलला एनग्रेव्हरनं बारीक रेघा मारल्या, कंपनीच्या खुणा कानशीनं पुसून टाकल्या, नाहीतर वर्षानं मीच विसरून परत बाटली उघडायचो. जुन्या पट्टीला पॉलिश पेपर मारून डिकीत ठेवलीय.

फटफटी

नवी पट्टी विकायची असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, माझ्या भावाकडं सेम गाडी आहे बहुतेक.

मंदगती

विकत नाही. आणि भावाला सांगा, माझ्या रेघांवर जाऊ नकोस, त्या माझ्या ट्यूबच्या आहेत.